भंडारा, साबण आणि राणीची पांढरी चादर

चि. दादासो यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि मेंढरं बिरोबाच्या कृपेनं खुशाल असालच. नसता तर फोन केला असतास, तुला तो फुकट पडतोय. मी फोनवर का बोलत न्हाई म्हणशील, तर तुझी लेक, म्हंजे माझी सून, घरात हाय आणि तिचं कान लांब हाईत (आमच्याकडं कुणाचं न्हाईत, तुझ्याच बायकोकडनं आल्यात). म्हणून कागद. चवथीत शाळा सुटली, तवा वेलांट्या तुझ्या तू लावून घे.

तुला ठावं हाय, जत्रेत पयला भंडारा उधळायचा मान आपल्या घरात थोरल्या बहिणीचा. मल्हार म्हणाला, "आई, तब्येत बरी असली तर शनवारी गावाला सोडतो." तवापासनं मी खोकला आला तरी गिळते. भंडाऱ्याची पिशवी उशाखाली लपवली (सोफा पिवळा झाल्यापासनं राणीनं घरात भंडाऱ्याला बंदी केलीया, सून बी आणि भाची बी, म्हंजे दोनदा ऐकून घ्यायचं). गाठ सुटली. सकाळी बघते तर तिची पाहुण्यांची पांढरी चादर, मोठ्या मनानं माझ्या खाटेवर घातलेली, तिची जेजुरी झालेली.

राणी ऑफिसला गेली तशी मी न्हाणीत बसले. साबण घासला, तर पिवळ्याचं लालभडक! साबण लागला की हळदीचं कुंकू हुतंय हे मला कोण सांगणार? जल्मभर आपण घोंगड्यावर झोपलो. त्याच्यावर मेंढरू व्यालं तरी दिसत न्हाई. शेजारची प्रीती (कांदा खात न्हाई, पर कुणाच्या घरात किती कांदं चिरलं ते तिला ठावं) म्हणाली, "आज्जी, लिंबू पिळा." पिळलं. परत पिवळं. म्हणलं आता जाईलच, म्हणून वर खायचा सोडा टाकला. परत लाल. दुपारपत्तूर चादर विश्रामबाग चौकातल्या सिग्नलवानी लाल-पिवळी करत हुती, हिरवी तेवढी व्हायची राहिली. "ऊन दावा, हळद उडती," असं प्रीती मागनं म्हणाली. पर गच्चीची किल्ली शेक्रेटरीकडं, आणि त्यो गेलाय महाबळेश्वरला. आमच्या गॅलरीत ऊन चप्पल काढायच्या आत परत जातंय.

तेवढ्यात दारात किल्ली वाजली. आज लवकर यायचं सुचलं तिला! घाबरून मी ओली चादर खाटेवर पसरली आणि वर आडवी झाले. नेमकी लाल असताना. राणी किंचाळली, "आत्या, हे रक्त कुठनं आलं?" खरं सांगावं तर उरलेल्या भंडाऱ्याची पिशवी नळाखाली जाती. म्हणलं, "आलं आसंल कुठनं तरी." (या वयात रक्त काय सांगून येतंय?) तिनं तोंड ओढणीत घातलं आणि खांदं उडवत रडली. स्वतःच्या लग्नात बी एवढी रडली नव्हती. मग माझं पाय चेपलं. म्हणलं, चेपतीया तर चेपू दे.

पर मल्हार आला आणि म्हणाला, "जत्रा राहू दे, आधी डॉक्टर." वरीसभर मी चुकवत आलेली, ती एका घटकेत धरून नेली. रक्त कुठनं येतंय ते डॉक्टरला गावलं न्हाई (गावंल कसं?), म्हणून त्यानं माझंच काढून घेतलं आणि त्यात साखर निघाली. आता चहा बिनसाखरंचा. चादर लाँड्रीत टाकते म्हणाली राणी. परीट हळद वळखणार, म्हणून ती मी लपवली. रातीला झोप न्हाई, दिसा बसवत न्हाई. जत्रा तोंडावर आलीया रं.

बाकी ठीक. तुझ्या बायकोला इचारलं म्हणून सांग.

ता.क. ही चिठ्ठी ज्यात गुंडाळलीया तीच ती चादर. राणीला सांगितलंय, वाकळंसाठी चिंध्या हाईत. बोचकं म्हसवडच्या एस्टीत तीच देणार हाय. छपरावर कडक उन्हात टाक. साबण लावलास तर याद राख. पांढरी झाली की घेऊन ये आणि दोघांफुडं झटक: डागच न्हाई तर रोग कसला? आणि मला घेऊन जा.

आणखी ता.क. कोपऱ्यात गाठ हाय ती सोडू नको. उरलेला भंडारा हाय.

आबा, मी राणी. चिंध्यांना भंडाऱ्याचा वास येतोय म्हणून बोचकं सोडलं. धनगराची लेक मी, मला हळद आणि रक्त कळत नाही व्हय? त्या दिवशी रडत नव्हते, हसू आवरत नव्हतं. पण वर्षभर आत्या डॉक्टरकडं यायला तयार नव्हती, ती आयती सापडली. चादर तेवढी उन्हात टाका. तुम्ही येऊ नका, शनिवारी मीच तिला घेऊन येते. आधी कळवू नका. तोवर गप बिनसाखरेचा चहा पिईल. कोपऱ्यातली गाठ मी परत बांधलीया. आत्याची कायम सैल असते.