लाइट गेली होती

मामंजी,

तुम्ही जाऊन पस्तीस वर्षं झाली. खासगी बाजारातल्या घराच्या तळमजल्यावर तुमच्या दोन प्रेस होत्या, आता हजिऱ्याकडच्या शेडमध्ये सहा आहेत. माल तोच, पत्र्यातून कापलेले वॉशर. कारखाना माझा नातू चालवतो, म्हणजे तुमचा पणतू, आणि मी पॅकिंगच्या टेबलाशी बसते. दर्पण कॉलनीतल्या घरी सून दिवसभर टीव्ही लावते, त्यापेक्षा प्रेसची धडधड बरी. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं तर वाचा.

नातवानं यंदा प्रत्येक प्रेसला आणि माझ्या टेबलालाही एकेक टॅब लावला. टॅब म्हणजे पाटीएवढी काच, बोट लावलं की स्वतःच लिहिते. आपला निम्म्याहून जास्त माल मालनपूरच्या एका कंपनीला जातो. तिनं कळवलं, की तुमची मशीन कधी थांबली, कशानं थांबली, हे आम्हाला आमच्या ऑफिसात बसून दिसलं पाहिजे, आणि दिवाळीपर्यंत ते थांबणं कमी झालं पाहिजे. नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. ती गेली तर सहापैकी चार प्रेसवर फडकं टाकावं लागेल आणि चार घरच्या चुली थंड होतील. म्हणून मशीन थांबली की चालवणाऱ्यानं काचेवर कारण दाबायचं. चार कारणं आहेत: लाइट गेली, पत्रा संपला, डाय बिघडली, माझी चूक.

महिन्यानं नातू कागद घेऊन आला. "आजी, ये देख. जवळजवळ सगळं लाइटमुळेच थांबतंय. मी बॅटरीचा मोठा सेट मागवतोय, किस्सा खतम." बॅटऱ्या ठेवायला मागची भिंत पाडायची म्हणून मिस्त्रीसुद्धा बोलावला होता. मी त्याचा हात धरून त्याला तिसऱ्या प्रेसपाशी नेलं. प्रेस बंद, काचेवर 'लाइट गेली', आणि डोक्यावर पंखा गरगर फिरतोय. म्हटलं, "लाइट गेली ना? मग हा पंखा काय तुझा बाप फुंकर मारून फिरवतोय?"

त्याचा चेहरा आधी उतरला, मग चढला. सगळ्यांना गोळा करून ओरडला, "झूठ किसने दबाया? बताओ, नहीं तो हर मशीन पर कैमरा लगेगा!" सहाही जण पुढ्यात उभे. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "भैया, लाइट का दबाओ तो कोई कुछ कहता नहीं."

मामंजी, नातवाच्या गळ्यातून तुम्ही बोलत होतात. तुमचं ते "हात आहेत की खुरपी?" मला अजून ऐकू येतं. पत्र्याला भोक पाडणारा पंच तुटला तर दुसरा यायचा, पण तुमची बोलणी आठवडाभर पुरायची. एक मात्र कबूल करते. कामगार गावी गेले तेव्हा तुम्ही मला प्रेसवर बसवलंत. गल्लीनं नावं ठेवली, तर तुम्ही म्हणालात, "पोळी लाटते, तर पत्रा का नाही कापणार?" पदर कसा खोचायचा, पत्र्याची पट्टी एका वेळी एकच कशी घालायची, बोट कुठवर न्यायचं, सगळं उभं राहून शिकवलंत. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, ती तुमच्यामुळे.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार. एकमेकींना चिकटलेल्या दोन पट्ट्या मी न बघताच आत सरकवते. पंच कडकन तडकतो. तुम्ही जिना उतरून येता. मी म्हणते, लाइट गेली, मशीन मधेच अडकली. तुम्ही मला एका शब्दानं बोलत नाही. छत्री उचलता आणि तडक वीज ऑफिसात. पलीकडच्या प्रेसवर गावाहून परतलेल्या कारागिरानं ते पाहिलं. पुढं त्याच्याकडून काही मोडलं, की त्याचीही लाइट जायला लागली. आजच्या सहांतला तो म्हातारा त्याच्याच हाताखाली शिकलाय. म्हणजे ही विद्या कारखान्यात कुणी आणली ते बघा.

तर सगळे तसेच उभे असताना मी माझ्या टेबलाशी गेले. सकाळी मी मोठ्या वॉशरच्या डब्यात लहान वॉशर भरले होते, चष्मा कपाळावर होता. लक्षात आल्यावर डबा टेबलाखाली ढकलला होता. तो बाहेर ओढला, सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि माझ्या टॅबवर 'माझी चूक' दाबलं. नातवानं तोंड उघडलं. म्हटलं, "बोल की. मला जे बोलशील तेच यांनाही बोलायचं. आणि पहिला कॅमेरा माझ्या डोक्यावर लाव." तो डबा स्वतःकडे ओढून म्हणाला, "छाँट लेते हैं, आजी." मग आम्ही आठ जणांनी खाली बसून तांदूळ निवडावे तसे वॉशर निवडले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रेसवर 'माझी चूक' आलं. आठवड्याभरात 'डाय बिघडली' यायला लागलं. पत्रा कापणाऱ्या डाय बोथट झाल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जो सांगेल त्यानंच बोथट केली असं ठरायचं, म्हणून कुणी सांगत नव्हतं. आता दर सोमवारी धार लावतात. मशीन कमी थांबतात. बॅटऱ्या रद्द केल्या, मिस्त्री भिंतीला हात न लावता चहा पिऊन गेला. दिवाळीआधी कंपनीची एक मुलगी तपासायला आली. तिनं विचारलं, तुमच्याकडे चुका अचानक कशा वाढल्या? नातू म्हणाला, "मैडम, पहले लाइट जाती थी, अब गलती होती है." ती हसली. सहा महिन्यांची ऑर्डर मिळाली आहे. पुढचं पुढं.

हे मी नातवाच्या त्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहिलंय. टेबलाखाली, त्या डब्याच्या जागी राहील. नातवाला दाखवणार नाही, त्याला आत्ताच आजीचा धाक बसलाय.

एक सांगायचं राहिलं. या पोरांनी लाइट गेली म्हणून दाबलं, पण पंखा बंद करण्याची तसदी घेतली नाही. आमच्या वेळी खोट्यालाही मेहनत लागायची. त्या दुपारी जिन्यावर तुमची पावलं वाजली तेव्हा मेन स्विच मी खाली ओढला होता, आणि तुम्ही गल्लीचा कोपरा वळल्यावर वर केला. तुम्ही तीन दिवस उन्हातून जाऊन त्या कारकुनाशी भांडलात. "लाइट गेलीच नव्हती म्हणतो, खोटारडा!" असं घरी येऊन म्हणालात, आणि मी तुमच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. तो कारकून खरं बोलत होता.