ह्यायचं वेड खरं का सोंग

३ नोव्हेंबर
ह्यायनं आज भाजीवाल्याले 'प्रधानजी' म्हटलं. त्यानं मेथीची जुडी जास्त दिली. फायदाच झाला, म्हणून मी गप्प बसली. अमरावतीले स्पर्धेचं नाटक होईलोक हे चालायचंच.

५ नोव्हेंबर
हे नाटकातले राजा. मोठा भाऊ राज्य घेते, मंग राजा वेडा होते. खरंच होते का सोंग करते, हे नाटकात म्हणे कुठं लिहिलंच नाई. ह्यायनं दिग्दर्शक सरायले विचारलं, तर 'तुम्हीच ठरवा.' तवापासून ठरवणं घरीच चालू हाय. घोंगडी पांघरून दोरीवरच्या परकराशी बोलून राहिले. माह्याशी एवढं कवा बोलले?

६ नोव्हेंबर
मोठे भाऊजी आले. आमच्या पल्लवीसाठी अमरावतीचं स्थळ. पोट्टी म्हणे, 'मोठेबाबा, एम.एस्सी. होऊ द्या, मंग पाहू.' भाऊजी म्हणे, 'शिकून का कलेक्टर होतं? रविवारी पाहुणे येऊन राहिले.' हे चहाच्या कपात पाहत बसले. मोठ्या भावापुढं ह्यायचं तोंड आजवर उघडलं नाई, पोरीचं शिक्षण गेलं तरी उघडणार नाई. लय राग आला मले. पल्लवी आत जाऊन रडली.

९ नोव्हेंबर, रविवार
काय लिहू. पाहुणे बसले, पोहे दिले, पल्लवी चहा घेऊन आली. तेवढ्यात आतून हे निघाले. अंगावर घोंगडी, डोक्यावर मुकुट म्हणून कुकरची रिंग. मुलाच्या बापाले म्हणे, 'सेनापती, रथ कुठं लावला?' तो बिचारा म्हणे, 'नालीजवळ.' मंग 'पोह्यात शत्रूनं विष कालवलं' म्हणून सगळ्यायच्या प्लेटा गोळा केल्या. पोहे मी केलते!
मुलाची आई हळूच मले, 'कवापासून हाय हे?' म्हटलं, नाटकाची प्रॅक्टिस हाय जी. 'घराण्यात अजून कोणाले हाय?' मी भाऊजीकडं पाह्यलं. कावून पाह्यलं, देव जाणे.
पल्लवी तोंडावर पदर धरून हसून राहिली होती.

१० नोव्हेंबर
नकार आला. भाऊजी फोनवर म्हणे, 'त्याले डॉक्टरले दाखव.' मी ह्यायले समोर बसवलं. 'खरं सांगा, कालचं नाटक होतं का?'
म्हणे, 'कोणतं?' अन् पेपर वाचत बसले.

१४ नोव्हेंबर, अमरावती
प्रयोग झाला. नंतर परीक्षक आमच्या दिग्दर्शक सरायले म्हणे, 'बाकी ठीक, पण राजाचं वेड काही खरं वाटलं नाही.' ह्यायचं तोंड एवढंसं झालं. मनात म्हटलं, इथंच राहतात ते पाहुणे, त्यायले विचारा.
परतताना बसमधे पल्लवी ह्यायच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणे, 'बाबा, मले तर खरं वाटलं.' हे खिडकीबाहेर पाहत राहिले. रुमाल काढला होता. धूळ गेली असंन डोळ्यात, नाई तर...

१९ नोव्हेंबर
नाटकाचं सामान परत गेलं. संपलं एकदाचं म्हणून मी हुश्श केलं, अन् भाऊजीचा फोन. बाळापूरचं स्थळ, रविवारी येतात. ह्यायचं 'हो दादा, हो दादा' चालू. पल्लवी दारात उभी, चेहरा उतरलेला.
फोन ठेवून मले म्हणे, 'कुकरची रिंग कुठं हाय व?'
'कशाले?'
ह्यायनं पल्लवीकडं पाह्यलं फक्त.
भात लावायचाच होता. मी रिंग काढली, धुतली, पदरानं पुसून ह्यायच्या पुढ्यात ठेवली. भात आज पातेल्यात केला.