नवसाच्या बोकडाची सोलो शिकार

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सासुरवाडी, चोपडा तालुका.
बोकड पळाला. दोरी मी बांधली होती हे खरं, पण गाठ मोबाइलवर बघून शिकलो होतो. परदेशी गाठ, बोकड गावठी. माझा काय दोष?

मंगळवारी देवीला द्यायचा होता. जावयाला नोकरी लागू दे म्हणून आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नवस केला होता. गरजच नव्हती. पाइप कंपनीने मला टॅलेंट बघून घेतलं. आता बोकड नाही मिळाला तर नवस राहणार आणि हे लोक मला जन्मभर ऐकवणार. मेहुणा निंबा ओट्यावर बसून आत्ताच दात काढतोय. या घरातला एकही माणूस मला आवडत नाही.

संध्याकाळी.
ठरलं. बोकड डोंगरातच गेला असणार. उद्या एकट्याने सातपुड्यात. अमेरिकेत लोक एकटे डोंगरात जाऊन मोठ्या शिंगांचे मेंढे मारतात. सगळे व्हिडिओ पाहिलेत. मला तर नुसता धरायचाय. सारिका म्हणाली, मेंढरं राखणारा वना आहे, त्याला सोबत न्या. बायकोचाच माझ्यावर भरवसा नाही. सोलो म्हणजे सोलो.

८ फेब्रुवारी, शनिवार. डोंगरात.
दुर्बीण, मिलिटरी जॅकेट. मोबाइल बंद, सावज बुजतं. माणसाचा वास लपवायला अंगाला लेंड्या चोळल्या. मलाच मळमळलं.

दुपारी सावज दिसलं. काळं, लांब कान. पोटावर सरपटत गेलो, झेप घेतली. कुणाची तरी शेळी निघाली. मालकीणबाई झाडामागेच होत्या, हातात काठी. गैरसमज दूर करायला थांबलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
खडकाच्या आडोशाला झोपलो. भयंकर थंडी. सारिकाने घोंगडी दिली होती, मी रागात परत केली. तिने पुन्हा द्यायला हवी होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी संपल्या. बोकडाने माझा धसका घेतलेला दिसतो.

संध्याकाळी माणसांचे आवाज. निंबा आणि गावातली पोरं मला शोधत होती. बोकड काल मी निघाल्यावर थोड्याच वेळात केळीच्या बागेतून आपणहून घरी आलेला. तेव्हापासून मला फोन लावत होते म्हणे.

मोटरसायकलवर दोघांच्या मधे कोंबून आणलं मला. मी सांगितलं, डोंगराच्या बाजूने मी प्रेशर ठेवलं म्हणूनच तो घराकडे वळला. निंबाने नुसता गिअर बदलला.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
अंगात ताप. तरी देवीपुढे बोकड मीच धरला. हक्क माझा.

इथली रीत अशी की बोकडावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं तर देवीला मंजूर, नाही तर कापायचा नाही. आबांनी पाणी शिंपडलं. बोकड ढिम्म. पुन्हा शिंपडलं. ढिम्म. तिकडे मसाला वाटून तयार, सगळे भाऊबंद ताटकळलेले. आबांनी वैतागून तांब्याच उपडा केला. निम्मं पाणी माझ्या मानेवर. डोक्यापासून पायापर्यंत अशी हुडहुडी भरली की आवरेना.

आबा शांतपणे म्हणाले, "देवीनी कौल दिन्हा शे. पन बोकडले नही, जवाईले."

लोक हसले, त्यांचं सोडा. सारिका पदर तोंडात कोंबून हसत होती. ते फार लागलं.

बोकड सोडून दिला. ऐनवेळी मटणाऐवजी वरण-बट्टी केली. पंगतीत बट्टी मोडताना जो तो माझ्याकडे बघत होता.