बंकटमामांची हाक कोणत्या सॉफ्टवेअरात ठेवावी

तीर्थस्वरूप ताराआत्या यांच्या पायांशी,

तुमच्या धाकट्या भावाचा हनुमान जिथं हाय तिथूनच वाकून नमस्कार करतो. पायाला हात लावलाच असता, पण तुमचा डावा गुडघा सुजलेला असतो आणि मधी अख्खं गुजरात आडवं पडलंय, तवा नमस्कार हवेतून आला असं धरावं. गुडघा कसा हाय? रुईचा पाला बांधता का निस्तं बांधते म्हणता? वाघ्या कुत्र्याची खरूज गेली का? मी इकडं खुशाल हाय, म्हणजे सकाळी खुशाल असतो, दुपारी न्हाई. ते कावून, ते पुढं येईलच. (पत्रात तुमी म्हणावं लागतं म्हणून इथवर कसंतरी रेटलं. आता तू म्हणतो, राग मानू नको.)

तू फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलास असं आई म्हणली. म्हणून हे पत्र. तू चौथी शिकलीस, मी सातवी, दोघांची मिळून अकरावी होती, तेवढ्यात एक पत्र लिहून-वाचून व्हायला पाहिजे. मिठाचा ट्रक सोलापूरला चाललाय, ड्रायव्हर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ठेवील, तिथून कुणीतरी आणून देईल. आईकडून तुझे दोन निरोप पोचले. पहिला, माझ्या माणसाला त्या पेटीतून आधी बाहेर काढ. दुसरा, अमावास्या झाली की मेंढरं विकून टाकणार. आत्या, दुसऱ्याचं मी काही म्हणत न्हाई, मेंढरं तुझी हायत. पण पहिल्याचं असं हाय, की तुझ्या माणसाला, म्हणजे आमच्या बंकटमामांना, काढावं कसं हेच मला उमजंना, आणि न काढावं तर ठेवावं कुठं हेबी उमजंना. गेले दीड महिने मी तेवढंच करतोय.

तुला माझा सोभाव ठाऊक हाय. एका जागी मी टिकत न्हाई. वीटभट्टी, रसवंती, सुरतची गिरणी, पुण्याला लिफ्टमधी बटणं दाबायचं काम (ते तर बसून व्हतं, तरी सोडलं). आता कच्छात पवनचक्क्यांच्या राखणीला हाय. सोबतीला आपल्याकडचाच हरिओम हाय, तो राखण कमी करतो आणि भाकरी जास्त करतो. पत्र्याची एक खोली, चौफेर खारी जमीन, झाड म्हणून न्हाई, आणि डोक्यावर ती पाती दिवसभर हूं हूं करत्यात. असल्या जागी माणूस एकतर देवाला लागतो, न्हाईतर संगीताला. मी चौसाळ्याच्या चन्नप्पाकडून जुना लॅपटॉप आणलता, त्यात गाणी बनवायला लागलो. गाणं बनवायचं एक सॉफ्टवेअर असतं, त्यात ढोल, पेटी, माणसाचा आवाज, सगळं एकाखाली एक पट्ट्यांवर मांडायचं, कात्रीनं कापायचं, जोडायचं. आवाज डोळ्यांनी दिसतो, डोंगराच्या रांगेसारखा. तुला खोटं वाटंल, पण मामांची हाक मी पाहिलीय. मधी उंच, दोन्हीकडं उतार, हुबेहूब कपिलधारचा डोंगर.

ती हाक मी तिथंच धरली व्हती, मामा जायच्या आधीच्या श्रावणात. तुला आठवंल. तू रातच्याला मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याच्या तोंडाशी उभी, मामा मेंढरांच्या मागं, आणि मी बाभळीखाली फोन धरून. मामा रोजच्यासारखी एकेकीचं नाव घेऊन हाक देत व्हते, चांदी, मोरी, कानफाटी, सरदारीण… अकरा म्होरक्या, त्यांच्यामागं बाकीचं सगळं लटांबर. आणि सगळी आत शिरली की तू म्हणायचीस, “भरली हो!” तुझं ते ऐकल्याबिगर मामांनी कधी पटका काढला न्हाई, पाण्याला तोंड लावलं न्हाई. एकदा तू माहेरी आलतीस तर मामा अर्ध्या रात्रीपर्यंत हाका मारत बसलते, मेंढरं आत बसून रवंथ करत्यात तरी. आमी पोरं हसलो. तवा मामा म्हणले, “हाक दिली की जबाब पाहिजे, त्याबिगर ती जिरत न्हाई.”

आता खरं सांगतो, हातातलं आधी खाली ठेव. गाणं बनवताना मला मामांची हाक बरोबर ठेक्यात बसली, पण शेवटाला तुझं “भरली हो” आडवं यायला लागलं. (तुझा आवाज वाईट न्हाई आत्या, पण ठेक्याच्या बाहेर हाय.) म्हणून मी कात्री घेतली आणि तेवढं कापून टाकलं. एक मिनिट अकरा सेकंद राहिलं, निस्त्या हाका. मूळ रेकॉर्डिंगचा फोन पुढं सुरतेच्या बसच्या खिडकीतून पडला. म्हणजे आता मामा हायत ते तेवढेच, आणि जबाब कुठंच न्हाई.

ते गाणं चौसाळ्याच्या अमरसिंहाला पाठवलं, त्याचा डीजे हाय. त्यानं ते वरातीत, मांजरसुंब्याच्या रस्त्यावर लावलं. पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस, मी फोनवर ऐकलं, तेबी शिव्यांच्या मधून. तुझी सगळी मेंढरं माळावरून उठली, रस्ता ओलांडून आली आणि डीजेच्या गाडीपुढं थांबली. ओरडली न्हाईत, हलली न्हाईत. निस्ती तोंडं वर करून त्या काळ्या खोक्यांकडं बघत राहिली. नाचणारे थांबले, बँडवाले थांबले, नवरदेवाच्या मोटारीचे हार कुणीतरी खाल्ले तेवढीच काय ती हालचाल. (ती मोरी असणार, तिला झेंडू आवडतो.) अमरसिंह म्हणतो, सगळ्यांत मागं तू उभी व्हतीस. तू तोंड उघडलंस, काहीतरी म्हणणार व्हतीस, आणि तेवढ्यात त्यानं गाणं बंद केलं. तवापासून तुझा फोन बंद.

त्याच आठवड्यात माझ्याकडचं ते पहिलं सॉफ्टवेअर मोडायला लागलं. ते चन्नप्पानंच पेनड्राइव्हमधून फुकट घातलेलं व्हतं, कुणाचं तरी उचललेलं, रोज उघडताना कुरकुरायचं. एक दिवस म्हणलं, ही फाइल पुढच्या वेळी उघडंल का न्हाई सांगता येत न्हाई. चन्नप्पाला फोन लावला. तो दुकानात गिऱ्हाईकाचा चार्जर बघत बघतच म्हणला, “हनम्या, दोन दिसांची हौस असंल तर काहीबी वापर बे. पण वीस वर्षांनी उघडायचं असंल तर असं निवड, की ते तुला सोडून जाणार न्हाई, आणि तू त्याला सोडून जाणार न्हाईस. पहिलं मिळंल. दुसऱ्याचं तुझं तू बघ.” हे दुसरं त्यानं कावून म्हणलं असंल ते मला तीन दिवस लागत राहिलं.

मग मी मामांचीच रीत धरली. मामा घोंगडी कशी घ्यायचे? दुकानदारासमोर ती पांघरून तिथंच भुईवर आडवे व्हायचे, चांगली डुलकी काढायचे, उठून सांगायचे ठेवतो का नेतो. तसं प्रत्येक सॉफ्टवेअर निदान सात दिवस अंगावर घ्यायचं ठरवलं. दुसरं घेतलं ते चौदा दिवस वापरून बघा म्हणणारं, चकचकीत, लग्नाच्या मांडवासारखं. त्यात मामांची हाक नेऊन ठेवली. डोंगराची रांग उमटली. खाली आकडा बघितला तर एक मिनिट एकोणीस सेकंद.

आठ सेकंद जास्त. म्हणलं, वेग चुकला असंल. चन्नप्पाबी तेच म्हणला, एकात एक वेग असतो, दुसऱ्यात दुसरा. पण वेग चुकला तर आवाज जाडा व्हतो. मामांचा आवाज जसाच्या तसा व्हता, निस्ता थोडा जवळून. आणि अकरा नावं झाल्यावर दम घेऊन त्यांनी बारावं घेतलं. टावरी. मी हरिओमला ऐकवलं. त्यालाबी तेच ऐकू आलं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर हाय. टावरी नावाची मेंढी मी कधी पाहिली न्हाई. आईला विचारलं, तर ती सहज म्हणली, अगं बाई, पाडव्याला त्या नव्या मोबाईलच्या टॉवरखाली जन्मलं ते कोकरू, आत्यानं त्याचं नाव टावरी ठेवलंय. आत्या, मामा गेले तवा त्या टॉवरचा खड्डाबी खणला नव्हता.

हरिओम म्हणला, “बे, हे सॉफ्टवेअर चांगलं हाय, घेऊन टाक, आपोआप नवीन माल भरतंय.” म्हणला आणि त्या दिवसापासून जेवायला बाहेर बसायला लागला.

चौदा दिवस झाले, ते बंद पडलं. तिसरं घेतलं ते अगदी साधं, करड्या रंगाचं, फुकट, कुणाच्या मालकीचं न्हाई. दिसायला आपल्या घोंगडीसारखंच, टोचणारं पण ऊबदार. त्याची एक गोष्ट चांगली, आवाज साध्या फाइलीत बाजूला ठेवतं, उद्या ते मेलं तरी आवाज दुसरीकडं वाजतो. त्यात मामांना ठेवलं. एक मिनिट चाळीस सेकंद. भर दुपार व्हती, सावली पायाखाली आलेली. मी बटण दाबलं. आता हाकांच्या मागं खुरांचा आवाज व्हता, आणि काठीला मामा बांधायचे ती घुंगरं. पहिल्यात मामा पलीकडच्या डोंगरावर व्हते, दुसऱ्यात वढ्यापाशी. आता हाक जशी काही त्या चार्जरच्या भोकातून यायला लागली. चांदी, मोरी, कानफाटी… बारावी टावरी झाली. मग मामा दम घ्यायला थांबले, आणि माझ्या ध्यानात आलं की डोक्यावरचं हूं हूं बंद झालंय. पाती उभी राहिलीत. वारं व्हतं, पाती नव्हती फिरत.

मी झाकण आपटून बंद केलं आणि दाराकडं बघितलं. दारात मेंढ्या. इकडच्या, काळ्या तोंडाच्या, शंभर तरी. ओरडत न्हाईत, हलत न्हाईत, तोंडं वर करून माझ्या लॅपटॉपकडं बघायलेत. त्यांनी मामांचं नाव ऐकलेलं न्हाई, मराठी तर न्हाईच न्हाई. त्यांच्यामागं त्यांचा धनी, पांढऱ्या कपड्यातला म्हातारा रबारी, म्हणजे इकडचा धनगर. तो रागावला असंल म्हणून मी हात जोडले. त्यानं मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, की हा माणूस कवापासून हाका मारतोय? म्हणलं, सव्वा वर्ष. त्यानं विचारलं, आणि ह्याला जबाब कुणी दिला? तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं मी कुणाला पाण्याबिगर बांधून ठेवलंय. मग जीभ टाळ्याला लावून टॉक् टॉक् केलं, मेंढ्या वळल्या, आणि पाती परत फिरायला लागली. हरिओमनं त्या दिवशी भाकरी केल्या न्हाईत, त्यावरून तू काय ते समज.

तर आत्या, सगळा इचार करून मी ह्या निकालाला आलोय की तिसरंच सॉफ्टवेअर ठेवायचं. तवापासून मी ते उघडलेलं न्हाई, पण निकाल पक्का हाय. बाकी सगळं ठीक. वाघ्याला करंजीचं तेल लावून बघ. गुडघ्यावर जास्त चढ-उतार करू नको. भाऊबंदांत जे जे विचारतील त्यांना माझा नमस्कार, जे विचारणार न्हाईत त्यांना सांगू नको.

तुझा भाचा,
हनुमान

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं ते लिहायचंच राहिलं. मामांना पेटीतून बाहेर काढायचं मला जमंना, कारण ते मीच आत कोंडले. तुझा जबाब मी कापला. त्यामुळं ते सव्वा वर्ष त्याच सांजंला उभे हायत, पटका डोक्यावर, उपाशी. आता एक कर. फोन पिठातून काढ, पूस, आणि वाघरीच्या तोंडाशी उभी राहून एकदाच “भरली हो” म्हणून मला पाठव. ठेक्यात नसलं तरी चालंल. मी ते त्यांच्या हाकेच्या पुढं जोडतो. मग ते पाणी पितील, आणि मी फाइल तुझ्या म्हणण्याप्रमाणं पुसून टाकीन. मेंढरं तोवर विकू नको, त्यांच्याशिवाय “भरली” म्हणणं खोटं पडंल.

ता. क. दुसरं. ट्रकवाला जेवायला बसलाय म्हणून घाईत लिहितो. वरचं लिहून झाल्यावर वाटलं, जबाब नेमका कुठं जोडायचा ते एकदा बघून घ्यावं. म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. बाराव्यानंतर मामा थांबतात, काठी आपटतात, आणि तेरावं नाव घेतात. मेंढीचं न्हाई. माझं. लहानपणी घ्यायचे तसंच, हणम्या रं, लांबवून. तीनदा. आवाजात राग न्हाई आत्या, निस्ती सांज झाल्याची काळजी हाय.

म्हणून वरची ता. क. खोडली असं समज. हरिओमला लॅपटॉप देऊन टाकलाय, त्यानं तो पोत्यात बांधून पाण्याच्या टाकीवर ठेवलाय. मामांची फाइल तेवढी पेनड्राइव्हमधी घालून खिशात घेतली. ट्रकमधी ड्रायव्हरच्या बाजूला जागा हाय, म्हणजे हे पत्र बहुतेक मीच आणून देईन. पण मी ढाब्यावर उतरून चालत येईस्तोवर तुला कुठूनबी हाक ऐकू आली, माळावरून, फोनातून, टॉवरवरून, तर एवढं ध्यानात ठेव. “भरली” म्हणू नको. वाघरीचं तोंड उघडं ठेव. एक यायचं हाय.