बॉनेटवरची सही

८ फेब्रुवारी, रविवार
जेवताना लेकीने, मनालीने, टीव्हीवर पुन्हा खुनाचं काहीतरी लावलं. गेलं वर्षभर आमच्याकडे भाजीबरोबर रोज एक मुडदा असतो. सौ. म्हणते, निदान आमटी वाढेपर्यंत तरी त्या माणसाला जिवंत राहू दे. मीही हसलो.
मग पडद्यावर धायरी आली. आपली धायरी. कालवा, झुडपं. बारा वर्षांपूर्वीच्या खुनावर तीन भागांची मालिका आहे. संतोष नावाचा रिक्षावाला, शेजारच्या बाईंच्या खुनात जन्मठेप, येरवड्यात आहे. मालिकेचं म्हणणं, त्याने केलाच नसेल.
कोयता सापडल्याचा पंचनामा दाखवला. पंचाचं नाव काळं केलेलं. सही तशीच ठेवलेली. सही माझी.
मनाली ओरडली, "हा पंच शंभर टक्के मॅनेज झालाय! समोर यायला हवा हा माणूस." मी पाणी प्यायला उठलो. पाणी टेबलावरच होतं.

९ फेब्रु., सोमवार
ऑफिसात एकही फाइल उघडली नाही. आठवतंय तेवढं लिहून ठेवतो.
पोलिसांचं पत्र आलं होतं, दोन पंच पाठवा, सरकारी नोकर हवेत. साहेबांनी मला आणि पवारांना पाठवलं. आरोपी कोयता लपवलेली जागा दाखवणार, आम्ही फक्त बघायचं. जीप कालव्यावर थांबली. पोलिसांचे साहेब म्हणाले, "खाली चिखल आहे, तुम्ही कशाला बूट खराब करता?" बूट नवे होते, मेहुण्याच्या लग्नासाठी घेतलेले. मी थांबलो. पवारही थांबले, ते अ‍ॅसिडिटीबद्दल बोलत होते. मध्ये झुडपं, खालचं काही दिसत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी सगळे वर आले. संतोषला बेड्या. कोयता कागदात गुंडाळलेला.
पंचनामा लिहिला गेला. 'आमच्या समक्ष आरोपीने झुडपातून स्वतःच्या हाताने काढून दिला.' जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बॉनेट तापलेलं होतं, तेवढं आठवतं. कोणी धमकावलं नाही. कोणी साधा चहाही पाजला नाही.
दोन वर्षांनी कोर्टात विचारलं, तुमच्या समक्ष? म्हणालो, हो. कागदावर तसंच होतं आणि खाली माझी सही होती. आपणच सही केलेल्या कागदाविरुद्ध बोलायचं असतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी डोक्यातच आलं नाही.
पवार गेल्या वर्षी गेले. म्हणजे आता मी एकटा.

१२ फेब्रु., गुरुवार
दुसरा भाग मनालीने खोलीत एकटीने पाहिला, हेडफोन लावून. जेवताना टीव्ही बंद. सौ. विचारते, "तुमचं दोघांचं भांडण झालंय का?" नाही म्हणालो. मनाली ताट उचलून आत गेली. सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही.

१५ फेब्रु., रविवार
गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. मनाली येऊन शेजारी उभी राहिली. "बाबा, ती सही तुमची आहे ना? दहावीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची. खाली दोन टिंबं."
सगळं सांगितलं.
"म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही?"
नाही.
"आणि कोर्टात..."
हो.
खूप रडली. मग डोळे पुसून अगदी ऑफिसच्या मीटिंगमधल्या आवाजात म्हणाली, "कोणाशी बोलायचं नाही. मेमध्ये रिटायर होताय. खोटी साक्ष म्हणून तुम्हालाच आत टाकतील." आठ दिवसांपूर्वी टीव्हीतल्या पंचाने समोर यायला हवं होतं. घरातल्याने गप्प बसायचं. मला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१७ फेब्रु., मंगळवार
सौ.ला सांगितलं. कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "आणि त्याने खरंच केला असेल तर?"
हाच प्रश्न मला खातोय. केला असेलही. त्या बाईंनाही एक मुलगी होती, कोर्टात पहिल्या बाकावर बसायची. मी तोंड उघडलं, तो सुटला, आणि खुनी तोच असला तर? नि नसला तर? बारा वर्षं तो तिथे आहे आणि मी इथे रोज पोहे खातोय. मी पाहिलं नाही, एवढीच एक गोष्ट मला नक्की ठाऊक आहे.
सौ. म्हणाली, "तेवढंच सांगून या मग." पुन्हा कणीक मळायला लागली.

२० फेब्रु., शुक्रवार
अर्ध्या दिवसाची रजा. शिवाजीनगरला, संतोषच्या वकीलबाईंकडे. मनालीच्या वयाच्या असतील. अपील अजून पडून आहे. मी बोललो, त्यांनी टाइप केलं. मला उठून जावंसं वाटत होतं, पण बोललो. खटला माझ्यावरही होऊ शकतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मसुदा वाचायला दिला. 'कोयता पोलिसांनी स्वतः तेथे ठेवला होता.'
"हे मी पाहिलेलं नाही," म्हटलं.
"काका, त्याने काढलेला तुम्ही पाहिला नाही, म्हणजे अर्थ तोच होतो ना?"
"नाही होत."
"एका वाक्यावर अडू नका हो. माणूस आत सडतोय."
त्याही वेळी एकच वाक्य होतं. खोडायला लावलं. बाई वैतागल्या, पण खोडलं. सही गुरुवारी.

२६ फेब्रु., गुरुवार
वकीलबाईंकडे बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, संतोषची आई. मालिकेत दिसल्या होत्या, 'माझं लेकरू तसलं न्हाई' म्हणताना. मी दारातच थांबलो. शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तुमीच का ते पंच?"
हो म्हणालो.
वकीलबाई झेरॉक्सला बाहेर जाईपर्यंत आजी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "बारा वर्सांत मी त्याला इचारलं न्हाई. आई कसं इचारनार? पन तुमी हुता तितं. खरं सांगा. त्यानं काडला का कोयता?"
"आजी, मी वर जीपपाशी होतो. खालचं काही दिसलं नाही."

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई."
"नाही."
"मंग कोनाला म्हाईत?"
 वकीलबाई कागद घेऊन आल्या, पेन दिलं. मनालीचा फोन वाजत होता, तिसऱ्यांदा. पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. म्हटलं, उद्या करतो. वकीलबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी आता येत नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं.
आजी पिशवी उचलून उठल्या. "किती वाजता?"
"अकरा."
"मी येते. तुमी सही करताना समोर बसनार. कुनीतरी बगाय पायजे."
या, म्हणालो.