बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मागची मार्चमध्ये तिसऱ्याच दिवशी बंद पडली. त्या वहीचा कागद चांगला नव्हता.
ईश्वरीच्या शाळेत पंधरा नोव्हेंबरला पालक आणि मुलं मिळून क्विझ. विषय: बेसबॉल आणि पॉप कल्चर. नवा स्पोर्ट्स कोच अमेरिकन आहे, त्याची हौस. क्विझ मैदानावरच. उत्तर बरोबर आलं की मुलाने एक बेस, म्हणजे एक टप्पा, पुढे पळायचं. चौथा बेस म्हणजे घर, जिथून सुटलो तिथेच; तिथे परत आलं की रन. अनुराधाला सांगितलं, ईश्वरीचा पार्टनर मीच. ती म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतं? मी म्हटलं, बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच, फक्त पँट घट्ट. ईश्वरीला विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, ओके. आनंद लपवते आहे.
खरं कारण इथे लिहून ठेवतो, वाचणारं कोणी नाही. मार्चमध्ये तिची दहावी संपते. मग अकरावीसाठी पुण्याला सुलक्षणामावशीकडे, असं मायलेकींचं ठरलंय. मला विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. अनुराधा म्हणते, नको असेल तर तुम्हीच सांगा तिला. सांगणार. पण आमटी वाढता वाढता नाही. क्विझ जिंकायची, ट्रॉफी हातात घ्यायची आणि म्हणायचं, नको जाऊस. कुठली मुलगी मोडेल हा शब्द?

५ ऑक्टोबर, रविवार.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. एक तास बेसबॉल, अर्धा तास पॉप कल्चर.
आज साडेआठला उठलो. संकल्प सोमवारपासूनच लागू करावेत.

६ ऑक्टोबर, सोमवार.
पावणेसातला उठलो. पण नवी पद्धत सापडली. शारजाहून दुबईच्या ऑफिसला फिरदोसच्या गाडीतून जातो. हा माझा सहकारी, हैदराबादचा. रोज सव्वा तास जाम. जाम हीच अभ्यासिका. तो प्रश्न विचारतो, मी उत्तरं देतो.
बेसबॉलला टाके किती? एकशे आठ. जपमाळेचे मणीही एकशे आठ! हे आता मरेपर्यंत विसरणं नाही. खेळाडू नऊ, इनिंग नऊ. एका थोर बेसबॉलवाल्याने हॉलिवूडच्या सर्वांत गाजलेल्या नटीशी लग्न केलं, तेही नऊ महिने टिकलं. सगळं नवग्रहांवर चाललेलं दिसतं. फिरदोस म्हणाला, भाई, आप तो प्रोफेसर हो गए. हॉर्न वाजवता वाजवता म्हणाला, पण मनापासून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
महत्त्वाचा शोध. बेब रूथ नावाचा जुना महान खेळाडू डोकं थंड राहावं म्हणून टोपीखाली कोबीचं पान ठेवायचा. इथे अजून छत्तीस डिग्री. टोपी आणली, साठ दिरहम, म्हणजे जवळजवळ साडेचौदाशे रुपये. संध्याकाळी पान घालून अल मजाजच्या पाण्याकाठी पळण्याचा सराव. अर्ध्या फेरीत पान कपाळावर उतरलं. समोरून ईश्वरी आणि तिच्या तीन मैत्रिणी.
घरी ती एवढंच म्हणाली, बाबा, प्लीज. पुढे शब्द फुटेना. बापाचे कष्ट बघून मुलांना असं होतं.
अनुराधाने विचारलं, कोबी अर्धाच कसा? मी म्हटलं, अभ्यासाला लागला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.
फराळ झाल्यावर ईश्वरीला म्हटलं, पॉप कल्चर तू शिकव. ती चक्क बसली शेजारी. चकलीची बशी मध्ये. किती महिन्यांनी! सात कोरियन मुलांचा गट आहे, त्यांचे फोटो दाखवले. मी म्हटलं, सगळे एकसारखेच दिसतात. शिकवणी चौथ्या मिनिटाला संपली.
उठता उठता बेसबॉलचं एक सांगत होती, बॉल चांगला लागला की जस्ट रन, बाबा, डोन्ट थिंक, तिथे उभं राहायचं नसतं. मी म्हटलं, माहीत आहे गं, तीस वर्षं बॅट धरली आहे. ती म्हणाली, ओके. विश्वास बसलेला दिसला.

२ नोव्हेंबर, रविवार.
फिरदोसला घरी बोलावून पन्नास प्रश्नांची परीक्षा दिली. अकरा बरोबर. जाम नसला की माझं लक्ष लागत नाही. तो म्हणाला, टेन्शन नको, इन्शाल्ला हो जाएगा. जाताना अनुराधाला हळूच विचारत होता, भाभी, फर्स्ट प्राइज क्या है?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
अनुराधा एप्रिलची विमानभाडी बघत होती. म्हणाली, बोललात का तिच्याशी? मी म्हटलं, उद्या ट्रॉफीनंतर. ती म्हणाली, अहो, ट्रॉफीशिवायही बोलता येतं. हिला नाट्य कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.
काल झालं ते जसंच्या तसं लिहितो.
पहिला प्रश्न, बॉलला टाके किती? मी ओरडलो, एकशे आठ! ईश्वरी पहिल्या बेसवर. तिने अंगठा दाखवला. मला! पुढची दोन उत्तरं तिनेच दिली, पण माझ्याकडे बघून. ती तिसऱ्या बेसवर. शेवटी प्रश्न नाही, पालकाने एकच बॉल मारायचा. मुलगी धावत घरी आली की आम्ही विजेते.
कोचने बॉल टाकला. मी मारला. आयुष्यातला सर्वोत्तम ड्राइव्ह, थेट स्कूलबसपर्यंत. ईश्वरी वाऱ्यासारखी सुटली. तेवढ्यात मला कोपऱ्यातला फील्डर बॉलकडे धावताना दिसला आणि माझा हात आपोआप वर गेला. नो! नो! थांब! पार्टनरला रनआउट होऊ द्यायचं नाही, हे रक्तात आहे. आणि मी बॅट जमिनीला टेकवून, क्रीज सांभाळत, जागेवर उभा. क्रीज नव्हतीच.
घर चार पावलांवर होतं. ती थांबली. मागे वळली. बॉल आला. पळालो नाही म्हणून मी आउट, अर्ध्या वाटेत ती आउट. कोच म्हणाला, असं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.
दोन वर्षांत तिने माझं पहिल्यांदाच लगेच ऐकलं.
परतताना जाम. ईश्वरीने मागून विचारलं, बाबा, व्हाय डिड यू से नो? मी म्हटलं, तू आउट होशील अशी भीती वाटली. अनुराधा माझ्याकडे बघत राहिली. आता बोला, असं तिचं तोंड झालं होतं. मी म्हटलं, एसी वाढवू का?

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.
आज खरंच पहाटे पाचला उठलो. शनिवारच्या चुकीवर चिंतन केलं. निष्कर्ष: मुलगी धावत असताना बापाने मध्ये नो म्हणू नये. पुन्हा ही चूक होणे नाही.

रात्री ८.
अनुराधा तिकिटं काढायला बसली होती. ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. मोबाइल हातात नव्हता. मराठीत म्हणाली, बाबा, मी जाऊ ना?
माझी तयारी होती. हात वर केला नाही. जोरात म्हटलं, जा! बिनधास्त जा!
ती माझ्या हाताकडे बघत होती, वर जातो का म्हणून. मग म्हणाली, ओके.
या ओकेचा अर्थ मात्र मला लागला.
तिकीट सहा एप्रिलचं मिळालं.