परत फिरणारी पिशवी

रविवार, संध्याकाळ

माझ्या प्रयोगाचा व्हिडिओ आज वडिलांना, म्हणजे अण्णांना, दाखवला. मेंदूच्या पेशीत रसायनांनी भरलेल्या इवल्या पिशव्या टोकाकडे निघतात. त्यातली एक तिथवर पोचते आणि माल न सोडताच परत फिरते. अशा पिशव्या मी आजवर बिघडलेल्या समजून मोजणीतून वगळल्या.

"बिघडली कशानं?" अण्णा म्हणाले. "नाशकात झेंडूला उठाव नसला की आपण भरली गाडी तशीच घोटीच्या बाजारात नेत नव्हतो का?"

परत फिरून ती जाते कुठे, हे मी एवढ्या वर्षांत एकदाही पाहू नये? उद्या सगळे व्हिडिओ पुन्हा बघायचे. स्वतःवर चिडायला हवं, पण हसूच येतंय. त्या परत फिरणाऱ्या गाडीत, झेंडूनं भरलेल्या जाळ्यांना टेकून, लहानपणी मीच तर बसलेली असायचे.